एच.आय.व्ही.बाधित रुग्ण आणि आपला दवाखाना

एच.आय.व्ही. हा ट्रकचालक व देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांचाच आजार, हा समज आपल्या वैद्यवर्गातूनही अद्याप पुरता गेलेला नाही. वस्तुतः ए.आर.टी. केंद्राच्या रांगेत शेतमजूर, स्थलांतरित कामगार, पतीकडून बाधा झालेल्या गृहिणी, विधवा आणि जन्मतः बाधित होऊन आता तारुण्यात आलेले रुग्णही असतात.

१ एप्रिल २००४ रोजी शासनाची मोफत औषधयोजना सुरू झाली. तथापि प्रवासभाडे, बुडालेली मजुरी आणि ओळखीचे कोणी पाहील ही धास्ती यांची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. म्हणूनच गावातील वैद्य त्याला जवळचा वाटतो. या विश्वासाच्या बदल्यात 'समूळ बरे करतो' अशी जाहिरात करणे हा अधर्म होय. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची 'जे'मध्ये एड्सचा समावेश असल्याने तो नियमभंगही ठरतो.

आमचे आग्रहाचे सांगणे असे की, बाधा कशी झाली याची चौकशी करण्याऐवजी गोळ्या नियमित चालू आहेत ना, हे वैद्यबंधूंनी विचारावे. त्या बंद करण्याचा सल्ला कदापि देऊ नये. लोह व कॅल्शियम यांमुळे डोल्युटेग्रॅव्हिर या औषधाचे शोषण घटते; यास्तव मंडूर वा शंखभस्म योजण्यापूर्वी केंद्रातील डॉक्टरांशी विचारविनिमय करावा. औषधविक्रेत्यांनीही गल्ल्यावर रुग्णाच्या आजाराची वाच्यता टाळावी. रुग्णाच्या संमतीविना अशी वाच्यता करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. परंतु कायद्याच्या कितीतरी आधीपासून रुग्णाचे गुपित राखणे हा वैद्याचा धर्म मानला गेला आहे.