हातचा येतो कुठून?



या सदरात आपण बियाणे, खत, कीड यांविषयी बोलतो. आज बोलायचे आहे शाळेतल्या गणिताविषयी. कृषी अधिकाऱ्याला हे नसते उद्योग कशाला, असे म्हणाल. पण कारण शेतातलेच आहे.

काही वर्षांपूर्वी एका सभेत मी सोयाबीनच्या तणनाशकाची मात्रा सांगितली, हेक्टरी एक लिटर. एका तरुणाने ती एकराला मारली. म्हणजे अडीचपट! पीक पिवळे पडून खुरटले. पोरगा दहावीला गणितात चांगल्या गुणांनी पास झालेला. हेक्टर म्हणजे अडीच एकर हे त्याला पाठ होते, भागाकारही येत होता. पण इथे भागायचे आहे, एकराला चारशे मिलिलिटरच येते, हे उमगले नव्हते. आणि उमगले का, हे मीही विचारले नव्हते. त्याच्या बापाने मला एका शब्दाने बोल लावला नाही, तेच जास्त लागले.

परवा सोनाळ्याला प्राथमिक शिक्षकांची शिक्षण परिषद होती. खताच्या हिशेबावर बोलायला म्हणून गेलो आणि ऐकतच बसलो. फळ्यावर एका मुलाची वजाबाकी लिहिली होती : ५२ − ३८ = २६. मुलाने आठातून दोन काढले होते. मोठ्यातून लहान वजा करायचे, हे त्याने इमानाने लक्षात ठेवले होते! एरवी आपण 'हातचा घे रे' म्हणून मोकळे होतो. त्या दिवशी गुरुजींच्या आणि बाईंच्या हातात पऱ्हाटीच्या काड्या दिल्या, दहा-दहाच्या जुड्या बांधून. पाच जुड्या आणि दोन सुट्या. यातून अडतीस काढा. जुडी सोडल्याशिवाय आठ काड्या निघेनात. एक सोडली, सुट्या बारा झाल्या. आठ काढल्या, तीन जुड्या काढल्या, उरल्या चौदा.

वीस वर्षे शिकवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "रीत मी रोज शिकवते, पण जुडी कधी सोडून पाहिली नव्हती." चारचौघांत असे बोलायला धैर्य लागते.

मग कोणी विचारले, बावन्न म्हटले की मूल पंचवीस का लिहिते? अहो, 'बा' म्हणजे दोन आधी ऐकू येतात, पन्नास नंतर. म्हणून तर २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' आले. केवढा गदारोळ उठला! गणित मंडळाच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांना त्यामागचे कारण पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागले. कानडी-तेलुगूत संख्या याच क्रमाने बोलतात. माझ्या मते मुलाला दोन्ही येऊ द्यावे. पण नवे वाण आणून जुन्याच रीतीने पेरले तर काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. भाषण ऐकून तुम्ही कधी वाण बदलले आहे काय? शेजाऱ्याच्या बांधावर उभे राहून पीक पाहिले, तेव्हाच बदलले ना? शिक्षकांचेही तसेच आहे.

पुढच्या बैठकीला फवारणीचा नवाकोरा पंप आणि मोजमाप न्यायचे ठरले आहे. औषध अर्थातच नाही, रंगाचे पाणी. एकराची मात्रा पंपाला किती, हे आधी गुरुजी मोजतील, मग मुले. कुणाच्या घरी जुने शेर-पायलीचे माप माळ्यावर पडले असेल, तर घासूनपुसून शाळेत पाठवा.