गच्चीवरची लॉगशीट

नोकरीची बहुतेक वर्षं मी मध्य रेल्वेच्या कल्याण भागातल्या ट्रॅक्शन सबस्टेशनांत काढली. तेव्हा लोकल १५०० व्होल्ट डीसीवर धावत. दर तासाला लॉगशीट भरायची: व्होल्टेज किती, लोड किती, ब्रेकर कधी पडला, पुन्हा कधी लावला. शिफ्ट संपली की ती शीट पुढच्या माणसासमोर ठेवून चार्ज द्यायचा. रात्री दोनला पडलेला ब्रेकर मी लिहिला नाही, तर सकाळी सहाला येणारा माणूस आंधळ्यासारखा काम करणार, हे पहिल्याच आठवड्यात सीनियरनी बजावलं होतं. २०१५ च्या जूनपर्यंत मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचं सगळं डीसी जाऊन २५ हजार व्होल्ट एसी आलं. मीही निवृत्त झालो, पण रीडिंग घ्यायची सवय सुटली नाही.

म्हणून डोंबिवली पूर्वेच्या आमच्या चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी गच्चीवर दहा किलोवॉटचं सोलर बसलं, तेव्हा सभेत मी एकच गोष्ट मागून घेतली. रोजचं रीडिंग मी लिहिणार. शंभर पानी वही आणली आणि सुरुवात केली.

पहिला पावसाळा आला आणि युनिट घसरले. ढग आहेत म्हणून आम्ही गप्प राहिलो. ऑगस्टमध्ये चांगलं ऊन पडलं तरी आकडा वर येईना. ज्यांनी सोलर बसवलं त्यांना फोन केला, तर पावसाळ्यात असंच असतं म्हणाले. मोबाइलवरच्या अॅपमध्ये हिरवा दिवा होता, निर्मिती चालू होती. खोट काढावी कुठे?

समोरच्या सोसायटीतही दहाच किलोवॉटचं सोलर आहे. तिथले सेक्रेटरी माझ्याबरोबर पहाटे फिरायला येतात. एक दिवस दोघांनी आपापल्या वह्या काढल्या आणि जिन्यातच बसलो. त्याच ढगाखाली, त्याच दिवशी त्यांचे युनिट आमच्या जवळजवळ दुप्पट होते. उत्तर तिथेच मिळालं. पॅनल एकापुढे एक साखळीत जोडलेली असतात. साखळीतला एक जोड सुटला की अख्खी साखळी बंद पडते, दुसरी मात्र चालू राहते, त्यामुळे हिरवा दिवा जळत राहतो. आमच्या दोन साखळ्यांपैकी एक जूनपासून मेलेली होती. कनेक्टरमध्ये पाणी गेलं होतं. तो बदलायला अर्धा तास लागला.

अडीच महिन्यांची अर्धी वीज गेली, आणि सापडलं ते यंत्रामुळे नाही. दोन माणसांनी आपले आकडे एकमेकांना दाखवले म्हणून सापडलं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत आता गच्च्यागच्च्यांवर काळी पॅनलं दिसतात. त्यांतल्या किती साखळ्या आज बंद असतील? ज्याच्या त्याच्या गच्चीचा आकडा ज्याच्या त्याच्या अॅपमध्ये. पुष्कळ ठिकाणी तर पासवर्डही सोसायटीकडे नसतो, बसवून देणाऱ्याकडे असतो. त्याने धंदा गुंडाळला की वर्षांची नोंद त्याच्याबरोबर जाते. एका ओळखीच्या सोसायटीचं तसंच झालं.

माझं म्हणणं साधं आहे. गच्चीवरच्या विजेचे आकडे सगळ्यांसमोर मांडलेले असावेत. ज्याला हवं त्याने पाहावे, ताडावे, चूक काढावी. लॉगशीट कपाटात कुलूपबंद ठेवली तर तिचा काही उपयोग नसतो.

याला महाराष्ट्रात परंपरा आहे, आणि ती मानाची आहे. १९९३ च्या डिसेंबरात तेव्हाचं वीज मंडळ आणि दाभोळ पॉवर कंपनी यांच्यात करार झाला, तो एन्रॉनचा. करार लोकांपुढे नव्हता. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेतल्या गिरीश संत, शंतनु दीक्षित यांनी मिळेल त्या कागदांवरून हिशेब मांडला आणि ही वीज राज्याला केवढ्याला पडेल ते दाखवलं. २००१ च्या मे महिन्यात दाभोळची वीजनिर्मिती थांबली, तोवर त्या हिशेबाची किंमत सगळ्यांना कळली होती. पुढे २००३ च्या वीज कायद्यात कलम ८६ खाली राज्यांच्या वीज नियामक आयोगांवर पारदर्शकतेची जबाबदारी आली. आपल्या आयोगापुढे ग्राहकांच्या वतीने बोलणाऱ्या अधिकृत प्रतिनिधींत ‘प्रयास’ आणि मुंबई ग्राहक पंचायतीबरोबर ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशनही राहिली आहे. आपल्या खाडीकाठच्या कारखानदारांनी विजेचे आकडे वाचायला कधीच सुरुवात केली. आपण घरवाले मागे राहिलो.

त्याच ‘प्रयास’ने पुढे एक काम केलं, ते मला फार जवळचं वाटतं. घरातल्या प्लगला लावायची एक छोटी पेटी. ती दर मिनिटाला व्होल्टेज टिपते आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून पाठवते. अशा पेट्या देशभर शेकडो घरांत, दुकानांत, शेतांवर लागल्या. कुठे संध्याकाळी किती वेळ वीज नव्हती, कुठे व्होल्टेज पंखा फिरण्याइतकंही नव्हतं, हे कुणालाही पाहता येऊ लागलं. त्या नोंदी हार्वर्ड विद्यापीठाच्या खुल्या भांडारात ठेवल्या आहेत. दर मिनिटाची लॉगशीट, आणि वाचायला अख्खं जग! आम्ही तासाला एकदा लिहायचो.

लोडशेडिंगचे दिवस ज्यांनी काढले त्यांना आठवत असेल. महावितरणने गळती आणि वसुलीवरून गट पाडले होते आणि कोणत्या गटाला किती तास अंधार ते जाहीर केलं होतं. त्या काळात भाजी घेता घेता बायका आपला गट सांगायच्या. आकडा समोर आला की माणसं तो शिकून घेतात. आज मात्र आपल्या गल्लीतल्या डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, क्षमता किती, तिच्यावर सोलर किती जोडलंय, हे किती जणांना माहीत आहे? राज्य आयोगाच्या २०१५ च्या नेट मीटरिंग नियमावलीतच, प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर सोलरसाठी किती जागा शिल्लक आहे ते संकेतस्थळावर द्यावं, असं सांगितलेलं होतं. त्यापुढे एक पाऊल टाकून ते नकाशावर, मराठीत, वॉर्डनिहाय मिळावं, अशी माझी महावितरणकडे मागणी आहे. केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये मिळतात. सभेत ठराव करण्याआधी कमिटीला डीपीची स्थिती कळली तर वर्षभराची धावपळ वाचेल.

दुसरी मागणी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांकडे, आणि ती सावलीबद्दल आहे. आमच्याकडे चार मजली इमारती पडताहेत आणि टॉवर उभे राहताहेत. डिसेंबरात भर दुपारीही आपल्याकडे सूर्य साधारण ४७ अंशांवर असतो. म्हणजे ६० मीटरच्या टॉवरची सावली उत्तरेला ५५ मीटर जाते. सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. आमच्या दक्षिणेला टॉवर आला तर हिवाळ्यातलं सोलर गेलंच. मंजूर नकाशांतल्या उंच्या आणि जागा खुल्या केल्या, तर कॉलेजातली मुलंसुद्धा पुढच्या पाच वर्षांची सावली नकाशावर काढून देतील. एखाद्या जागी किती युनिट मिळावेत याचा अंदाज देणारा जागतिक बँकेचा सौर नकाशा आजही फुकट मिळतो. डोंबिवलीवर बोट ठेवा, वर्षाचा आकडा येतो. पण त्याला शेजारचा टॉवर दिसत नाही. तो आपणच दाखवायला हवा. तसाच पॅनलवर बसणारा इथल्या धुळीचा थर. २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पाहिलेलं हे गाव आहे. एमआयडीसीच्या बाजूची पॅनलं किती दिवसांनी धुवावीत, हे बाहेरचं कोणतंही पुस्तक सांगणार नाही. दहा सोसायट्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या तर ते समजेल.

सभेत एका ताईंनी विचारलं, उद्या कुणी आमच्या घरचं मीटरही फळ्यावर लावेल का? प्रश्न अगदी रास्त आहे. घरचा वापर पाहून घर कधी रिकामं असतं ते कळतं. तो आकडा घरातच राहावा, नव्या स्मार्ट मीटरचाही. खुला करायचा तो गच्चीचा, पंपाचा, जिन्याचा, कारण ते सगळ्यांच्या पैशाचे आहेत. आम्ही तसाच ठराव केला. यापुढे सोलरच्या कोणत्याही करारात लिहायचं की नोंदी सोसायटीच्या आणि पासवर्ड कमिटीकडे. इमारतीतल्या बारावीच्या मुलाने वहीतून तक्ता बनवला. आता पाच सोसायट्या त्यात महिन्याच्या एक तारखेला रीडिंग भरतात. प्रत्येकीसमोर पॅनल कधी धुतली ते, आणि दक्षिणेला काय आहे ते.

परवा टिळकनगरमधल्या एका सोसायटीच्या चेअरमनबाईंचा फोन आला. त्यांच्या इन्व्हर्टरचा पासवर्ड दोन वर्षांनी हाती लागलाय. आकडे वाचायचे कसे ते दाखवा म्हणाल्या. रविवारी सकाळी सहाला, पॅनलवर ऊन यायच्या आत, वही घेऊन त्यांच्या गच्चीवर जायचंय.