पुन्हा पुन्हा तेच प्रश्न का?

न्हाणीघरात पाय घसरून डोक्यावर पडलेल्या वृद्धांना तातडीच्या विभागात आणले, की परिचारिका ठरावीक वेळाने त्यांना हाक मारते, नाव आणि महिना विचारते, हात दाबायला सांगते, डोळ्यांवर विजेरीचा झोत टाकते. आरंभी हे बहुधा दर अर्ध्या तासाने चालते. रुग्ण वैतागतो आणि घरची मंडळी विनवतात, ‘‘सिस्टर, आत्ताच डोळा लागलाय, झोपू द्या ना!’’

ही विनंती मायेची असली, तरी ती मान्य करता येत नाही. साधी झोप आणि हरपत चाललेली शुद्ध यांतील भेद दुरून कळत नाही. त्यासाठी रुग्णाला जागे करावेच लागते.

शुद्धीची ही मोजपट्टी ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये मांडली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे जास्तीत जास्त १५ गुण. कमीत कमी ३. एकदाच घेतलेल्या गुणांपेक्षा त्यांतील घसरण अधिक बोलकी असते. मघाशी महिना अचूक सांगणारे आजोबा आता गोंधळले, किंवा डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसू लागली, तर परिचारिका तत्काळ डॉक्टरांना बोलावते. मेंदूभोवती रक्त साचत असल्याची ती खूण असू शकते.

उतारवयात ही दक्षता अधिकच हवी. वयोमानाने मेंदू किंचित आक्रसतो, त्याच्या आणि कवटीच्या मधल्या शिरा ताणल्या जातात आणि लहानशा धक्क्यानेही फाटू शकतात. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असल्यास धोका आणखी वाढतो.

येथे कुटुंबीयांची मदत मोलाची ठरते, कारण रुग्ण एरवी कसा असतो, हे परिचारिकेला ठाऊक नसते. त्यांना ऐकू कमी येते का, विस्मरण आधीपासून आहे का, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे का, हे आपणहून सांगावे. पडल्याची वेळ, शुद्ध हरपली होती का, उलटी झाली का, हेही सांगावे. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन यांसारख्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. डॉक्टरांनी सांगेपर्यंत चहापाणी देऊ नये.

घरी सोडल्यावर पहिले २४ तास कोणीतरी सोबत राहावे. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी, अडखळते बोलणे, झटके किंवा हातापायांतील अशक्तपणा जाणवल्यास विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. साचणारे रक्त काही वेळा कित्येक आठवड्यांनी त्रास देऊ लागते. तेव्हा महिन्याभरानंतरही चाल बदलली वा गोंधळ वाढला, तर तो वयाचा दोष मानू नये. डॉक्टरांना दाखवावे आणि त्या पडण्याची आठवण अवश्य द्यावी.