पेटीचे वय

(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

ग्वाल्हेरला माझी आत्या राहते. लष्करातला सासरचा वाडा विकल्यापासून तिचे बिऱ्हाड सिटी सेंटरमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आहे. सिटी सेंटर या नावावरून फसू नका. महाराज बाड्याची गर्दी, जुनी देवळे, मराठी मंडळींचे वाडे हे सारे लष्करात. सिटी सेंटर ही नव्या इमारतींची आणि बँकांची वस्ती. वाड्यातले पलंग, फडताळे, घंगाळ या फ्लॅटमध्ये मावले नाहीत, ते गेले. मावली ती एक वीतभर लांबीची काळीभोर पेटी. झाकणावर सोनेरी डोंगर आणि त्यावरून उडणारे दोन करकोचे.

या पेटीचा इतिहास आत्याच्या घरी सर्वांना पाठ आहे. १७६३ साली सावंतवाडीच्या तिसऱ्या खेम सावंतांशी जयाप्पा शिंद्यांच्या कन्येचा विवाह झाला. त्या वेळी वऱ्हाडासोबत गेलेल्या आमच्या कोणा पूर्वजाला सावंतवाडीहून ही लाखकामाची पेटी मिळाली. विवाह खरा आहे, साल खरे आहे, आणि या सोयरिकीमुळे खेम सावंतांना दिल्लीच्या बादशहाकडून 'राजेबहादूर' किताब मिळाला हेही खरे आहे. एवढे खरे असल्यावर पेटीवर संशय कोण घेणार?

गेल्या मे महिन्यात मी तिथे असताना एक जुन्या वस्तूंचा व्यापारी घरी आला. किंमत बरी सांगितली, पण अट घातली: पेटी अडीचशे वर्षांची आहे आणि राजघराण्यातून आली आहे असे कागदावर लिहून द्यायचे. आतेभाऊ लगेच तयार झाला. "तू कॉमर्सवाला आहेस, तूच ड्राफ्ट कर," असे मला म्हणाला, आणि आईला, "मी पॉलिश मारून आणतो, एकदम नवीन लागेल." (ग्वाल्हेरच्या मराठीत वस्तू दिसत नाही, लागते.)

मी कागद-पेन घेऊन बसलो खरा. पण हिशेबतपासणीच्या तासाला एक गोष्ट डोक्यात पक्की बसवलेली आहे, की व्हौचर पाहिल्याशिवाय नोंदीवर खूण करायची नाही. म्हणून पेटी उलटी केली. तळाला डकवलेला कागद एका कोपऱ्यात सुटला होता. त्याखाली पुसट शिक्का होता, इंग्रजी अक्षरांत: मेड इन जपान.

मित्रहो, इथे थोडे लाखेविषयी सांगायला हवे, कारण आपल्यापैकी पुष्कळांची समजूत माझ्यासारखीच असेल. आपली लाख म्हणजे कुसुम, पळस, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यांचा राळेसारखा स्राव. कन्नड विभागातले मित्र तिला अरगु म्हणतात, आणि आपले लाक्षागृह ते त्यांचे अरगिन मने. ती उष्णतेने वितळते, स्पिरिटमध्ये विरघळते. चन्नपट्टणची खेळणी कातावर फिरवताना लाखेची कांडी नुसती टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेनेच रंग चढतो. जपानी लाखेचा किड्याशी काही संबंध नाही. ती 'उरुशी' नावाच्या झाडाचा चीक आहे. हे झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातले. बिब्बा उतला म्हणजे अंगाची काय दशा होते हे आपल्या आज्यांना विचारा. उरुशीचा ओला चीकही तसाच उततो. आणखी नवल म्हणजे हा चीक उन्हात वाळत नाही. तो घट्ट व्हायला दमट हवा लागते, म्हणून जपानी कारागीर वस्तू ओलसर कपाटात ठेवतात. पातळ थर द्यायचा, वाळवायचा, घासायचा, पुन्हा थर. एकदा पक्का झाला की तो स्पिरिटला दाद देत नाही. त्यावर ओल्या थरात सोन्याची पूड शिंपडून चित्र काढतात, त्याला 'माकि-ए' म्हणतात.

मग वय कसे ओळखायचे? संग्राहक बहुधा सहीकडे धावतात, आणि सही तर सर्वांत खोटी. काजिकावा या कारागीर घराण्याची सही पिढ्यान् पिढ्या चालत आली. ती पाहून साल कसे ठरवणार? घाट आणि नक्षी अधिक बोलते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानहून आणवलेल्या पेट्यांवर शिंपल्यांचे जडाव काम दाटीने असते. १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीजांना हाकलले. नंतर डचांमार्फत गेलेल्या मालावर शिंपले कमी होऊन काळ्या जमिनीवर सोन्याची चित्रे आली. या पोर्तुगीज व्यापाराचे ठाणे गोवा, आणि सावंतवाडी गोव्याच्या कुशीत. तेव्हा १७६३ मध्ये सावंतवाडीत एखादी जपानी पेटी असणे अगदीच अशक्य नव्हते. मीही क्षणभर याच आशेला लटकलो.

पण शिक्क्याचे काय करणार? शिक्का ही आम्हा वाणिज्यवाल्यांची शाखा आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने परदेशी मालावर उत्पादक देशाचे नाव इंग्रजीत घालणे आवश्यक झाले. जपानी माल तेव्हा 'निप्पॉन' असे छापून जाई. १९२१ पासून अमेरिकेने 'जपान' हाच शब्द मागितला. महायुद्धानंतर १९५२ पर्यंत जपान परक्या अमलाखाली होते, त्या काळातल्या पुष्कळ मालावर 'ऑक्युपाइड जपान' असा शिक्का आढळतो. ग्वाल्हेरला आलेल्या पेटीचे साल अमेरिकेच्या कायद्यावरून नेमके काढता येणार नाही, हे मान्य. पण १७६३ मध्ये दारे लावून बसलेल्या जपानात इंग्रजी शिक्का कोण मारत होते? माझा अंदाज १९३० च्या आसपासचा. त्या दशकात जपानी स्वस्त माल आपल्या बाजारात इतका भरला होता की कापडावरची जकात वाढली, १९३३ मध्ये जपानी गिरण्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार घातला आणि १९३४ मध्ये दोन्ही देशांना करार करावा लागला.

हे मी जेवताना सांगून टाकले. वेळ चुकली. आत्या हातातली पोळी तशीच ठेवून म्हणाली, "म्हणजे मामंजी खोटं बोलत होते?"

मामंजी खोटे बोलत नव्हते. त्यांनी ऐकलेले सांगितले. पण मी शिक्का पाहून तेच कागदावर लिहिले असते तर ते खोटे ठरले असते, आणि तेही पैशांसाठी. आपल्याकडे जुने म्हणजे चांगले आणि फार जुने म्हणजे फार चांगले, असा एक हिशेब रूढ आहे. तो मला पटत नाही. शिबाता झेशिन हा लाखकामातला थोर कलावंत १८९१ पर्यंत जगला. केवळ त्याच्या आधीची म्हणून एखादी सुमार पेटी त्याच्या कामाहून मोठी कशी? आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा साधारणपणे शंभर वर्षांची रेघ ओढतो. आत्याची पेटी त्या रेघेच्या अलीकडे आहे की पलीकडे, याचीच मला खात्री नाही, आणि आम्ही अडीचशे लिहायला निघालो होतो!

पॉलिशला मात्र मी ठाम विरोध केला. झाकणाची कड जिथे पेटीवर बसते तिथला काळा रंग अजून गडद आहे, बाकीचा उजेडाने तपकिरी झाला आहे. हा फरकही एक पुरावाच, तो चकाकीखाली पुरायचा? ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि वरचा थर तडकतो. म्हणून पेटी पश्चिमेच्या खिडकीतून उचलून आतल्या कपाटात ठेवली.

येताना मी एक कागद लिहिला. वर, घरात काय सांगतात ते, मामंजींच्या नावासह. खाली, तळाशी काय दिसले ते. आत्याने तो दोनदा वाचला, मग विचारले, "तीस सालच्या सुमाराला घरात मामंजींच्या आई होत्या. त्यांनीच हौसेनं घेतली असेल का रे?" मी म्हटले, असेल. तिने कागदाची घडी करून पेटीत ठेवली. व्यापाऱ्याचा फोन दोनदा येऊन गेला. आत्याने त्याला अजून काही कळवलेले नाही.