जुन्या मोटारसायकलचे रबर : काय जपावे, काय बदलावे?

आमचा धंदा कापडाचा. मग मोटारसायकलच्या रबराविषयी आम्ही का लिहावे, असे वाचक विचारतील. उत्तर सोपे आहे. रबर आम्हीही विकतो. पायजम्याच्या इलॅस्टिकमध्ये रबराचाच धागा असतो. एकाच दिवशी आलेल्या दोन पेट्यांपैकी खिडकीजवळची पेटी एका उन्हाळ्यात निकामी झाली आणि आतल्या फळीवर कागदात गुंडाळलेली पुढे कित्येक वर्षे चांगली राहिली, हे आम्ही दुकानात पाहिले आहे. माल एकच होता, फरक ठेवण्यात होता.

आमच्या वालिदांनी 1978 साली जुनी जावा विकत घेतली होती. मागे कापडाचे गठ्ठे बांधून ते सोलापूरच्या आसपासचे आठवडी बाजार करीत. त्यांच्या पश्चात गाडी बरीच वर्षे पडून होती. ती आम्ही दुरुस्तीस दिली. कारागीर इंजिनात हुशार होता. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. पण टाकीच्या बाजूची गुडघ्याची रबरे आणि चेनवरच्या रबरी नळ्या काढून त्याने चकचकीत नवी रबरे बसवली होती. दोन उन्हाळ्यांत त्यांना चिरा पडल्या. जुनी रबरे मागितली, तेव्हा ती भंगारात गेल्याचे कळले. चूक एकट्या कारागिराची नव्हती. गाडी देताना आम्हीही काही सांगितले नव्हते.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1996 साली उत्पादन थांबले. त्या काळचे अस्सल रबर आता नव्याने बनणार नाही. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, जुन्या गाडीचे रबर हा कचरा नसून माल आहे, आणि तो जपण्याचे काम हा आमच्या गॅरेजवाल्या बंधूंसाठी स्वतंत्र धंदा होऊ शकतो.

रबराचे शत्रू चार : ऊन, उष्णता, तेल आणि हवेतील ओझोन वायू. ताणलेल्या रबरावर ओझोनचा मारा झाला की ताणाच्या आडव्या दिशेने चिरा पडतात. वेल्डिंगच्या ठिणगीतूनही ओझोन तयार होतो. म्हणून सुटे रबर वेल्डिंगच्या जागेजवळ खिळ्याला टांगून ठेवू नये. टाल्कम पावडर लावून, न ताणता, न दुमडता, अंधाऱ्या थंड जागी ठेवावे.

रबर बनवताना त्यात बहुधा मेण घालतात. ते हळूहळू वर येऊन पातळ थर धरते आणि ओझोनला अडवते. काही रबरांवर दिसणारी पांढुरकी झाक म्हणजे हेच मेण असते. आपण ती धूळ समजून रॉकेलने घासून काढतो, म्हणजे रबराचे कवचच उतरवतो. धुलाईनंतर चमक यावी म्हणून डिझेल-ऑईलचा फवारा मारण्याची पद्धत तर सर्वात वाईट. नैसर्गिक रबर खनिज तेल पिऊन फुगते आणि पोचट होते. गिऱ्हाईक चमक पाहून खूश होते, पण नुकसान पुढे दिसते.

योग्य रीत स्वस्त आहे. सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावे, सावलीत वाळवावे आणि फडक्याने सिलिकॉन तेलाचा किंवा ग्लिसरिनचा अगदी पातळ हात फिरवावा. टायर, हँडलची मूठ, पायदान आणि ब्रेकच्या भागांना मात्र ते लावू नये. तेथे घसरण म्हणजे अपघात. पूर्ण चिरलेले रबर कोणत्याही तेलाने पुन्हा जिवंत होत नाही, हेही गिऱ्हाइकाला साफ सांगावे.

आता दुसरी बाजू. सगळेच रबर जपायचे नसते. गुडघ्याची रबरे, शॉकअपचे बूट, दिव्याभोवतीची कड ही शोभेची आणि धुळीपासून रक्षणाची रबरे जपावीत. पेट्रोलची नळी, ऑईल सील आणि टायर यांच्याबाबत मोह नको. तेथे जीवाचा प्रश्न आहे. 2023 पासून देशात 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. जुन्या गाड्यांच्या नळ्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. त्या फुगतात, कडक होतात, गळतात. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर काय होईल, हे कारागिरांना सांगायला नको. इथेनॉलला टिकणारी नळीच बसवावी. टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचावेत. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी टायर म्हातारा असू शकतो.

गॅरेजवाल्या बंधूंना आमची विनंती एवढीच की, काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून गिऱ्हाइकाला परत द्यावा. काय जपले, काय बदलले आणि का, हे बिलावर लिहावे आणि त्या कामाची मजुरी वेगळी लावावी. हौशी गिऱ्हाईक ती देईल, कारण त्याच्यासाठी ती गाडी म्हणजे वालिदांची आठवण असते. कापडाच्या धंद्यात एक गोष्ट आम्ही शिकलो आहोत. चमक दाखवून गिऱ्हाईक एकदा येते, माल टिकला तर त्याचा मुलगाही येतो.