शाल-श्रीफळ नको, साथ हवी

कारगिल विजय दिनी, २६ जुलैला, गावोगावी माजी सैनिकांना व्यासपीठावर बसवून शाल-श्रीफळ दिले जाते. मात्र तेच सैनिक न्याय्य हक्कांसाठी संघटना उभारतात, तेव्हा हीच मंडळी नाक मुरडतात. “फौजी माणसाला ही युनियनबाजी शोभते काय?” असा त्यांचा प्रश्न असतो.

या प्रश्नाला राज्यघटनाच उत्तर देते. ३३व्या अनुच्छेदानुसार सेवेतील सैनिकाच्या संघटनास्वातंत्र्यावर कायद्याने बंधने घालता येतात, आणि ती घातलेली आहेत. शिस्तीसाठी ते आवश्यकच आहे. मग त्याच्या वतीने बोलायचे कोणी? तो वारसा माजी सैनिकांकडेच येतो.

१९७३ साली, इंदिरा गांधींच्या राजवटीत, जवानाच्या निवृत्तिवेतनाचे प्रमाण घटवले गेले. तेव्हापासून समान श्रेणीला समान निवृत्तिवेतन ही मागणी चार दशके आश्वासनांवर झुलवली गेली. २००९ साली सैनिकांनी आपली पदके परत केली, तरी सत्ताधाऱ्यांना पाझर फुटला नाही. जून २०१५ मध्ये ते जंतरमंतरवर बसले. १४ ऑगस्टला पोलिसांनी त्यांना तेथून हटवण्याचा प्रयत्न केला. सरकार आपल्या विचारांचे होते म्हणून हे लांछन झाकण्याचे कारण नाही. अखेर नोव्हेंबर २०१५ मध्ये मोदी सरकारने ‘वन रँक, वन पेन्शन’ची अधिसूचना काढली. हे संघटित तपश्चर्येचे फळ होते.

लढाई संपलेली नाही. ती दिल्लीतून तालुक्यात आली आहे. पनवेलच्या वीरपत्नीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठायचे तर अलिबागला जावे लागते. २०२१ पासून निवृत्तिवेतन ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर आणले गेले. सुधारणा स्तुत्यच, पण खेड्यातील सत्तरीच्या माऊलीने संगणकावर हयातीचा दाखला भरायचा कसा?

याच तालुक्यातील शिरढोण ही आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांची जन्मभूमी. लष्करी हिशेब खात्यात नोकरीस असताना आई मृत्युशय्येवर असूनही त्यांना रजा नाकारली गेली. ते राज्य परक्यांचे होते. स्वराज्यातील कागदही तितकाच निर्दय असावा काय?

पनवेल, कामोठे, कळंबोलीत निवृत्त बँक कर्मचारी आहेत, वकील आहेत, संगणक जाणणारे तरुण आहेत. पूर्व सैनिक सेवा परिषदेसारख्या संघटनांच्या पाठीशी त्यांनी आठवड्यातून दोन तास उभे राहावे. ज्याने सीमेवर आपल्यासाठी रात्री जागवल्या, त्याच्यासाठी एक अर्ज भरणे हीदेखील राष्ट्रसेवाच आहे!