युरो घसरतो तिकडे, भुर्दंड इकडे!

फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात कुठल्याही द्राक्षबागेत गेलात तर हे बोलणे कानावर पडतेच. माल तोडणीला आलेला असतो, मजुरांची टोळी ठरलेली असते आणि आदल्या रात्री निर्यातदाराच्या माणसाचा फोन येतो. "भाऊ, युरो खाली आलाय. किलोमागे पाच-सहा रुपये कमी धरावे लागतील." युरो म्हणजे काय हे आपल्या बागाईतदाराला आता चांगले ठाऊक आहे. पण तो नेमका किती खाली आला? आपला सौदा कुठल्या दिवसाच्या दराने धरला होता? आणि मागे युरो वर गेला होता तेव्हा हेच पाच-सहा रुपये वाढवून का मिळाले नाहीत? हे विचारायला त्याला उसंत नसते. साखर भरलेला मणी वेलीवर किती दिवस थांबणार? तो "बरं" म्हणतो आणि कात्री लागते.

या 'बरं'ची किंमत किती होते, ते आधी पाहू. समजा, युरोपातल्या खरेदीदाराने किलोला दोन युरो कबूल केले. एका रिफर कंटेनरात साधारण तेरा टन माल बसतो, म्हणजे २६ हजार युरो झाले. युरो एक रुपयाने उतरला की त्या कंटेनरमागे २६ हजार रुपये गेले. चार रुपयांनी उतरला तर एक लाख चार हजार, म्हणजे किलोमागे आठ रुपये. एकरी आठ टन निर्यातीचा माल निघाला असे धरा, तर एकरी ६४ हजारांचा फटका. सौदा ठरल्यापासून पैसे हाती येईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात, आणि तेवढ्या काळात युरो-पौंडाने चार रुपये इकडेतिकडे होणे ही काही नवलाची गोष्ट नाही. जून २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास असलेला पौंड एका रात्रीत नव्वदीच्या घरात आला. आपला हंगाम तोवर उरकला होता हे नशीब. पण ज्यांचे पैसे यायचे बाकी होते त्यांनी काय करायचे?

तुम्ही म्हणाल, रुपया तर कायम पडतच आलाय, मग निर्यातवाल्याचा फायदाच की! हे निम्मेच खरे आहे. जुलै १९९१ मध्ये सरकारने दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन केले. त्याच वर्षी द्राक्ष बागाईतदारांच्या सोसायट्यांनी मिळून 'महाग्रेप्स' उभी केली, आणि स्वस्त रुपयावर आपली द्राक्षे युरोपात खपतील अशी आशा तेव्हा गावोगाव होती. डिसेंबर २०२५ मध्ये तर डॉलर ९० रुपयांच्या पलीकडे गेला. पण मधली वर्षे विसरू नका. २००७ साली ४४ रुपयांचा डॉलर वर्ष संपेतो चाळिशीखाली आला आणि निर्यातदारांचे कंबरडे मोडले. शिवाय रुपया पडतो तेव्हा पोटॅश महागते, कारण ते जवळजवळ सगळे बाहेरून येते. जहाजाचे भाडे डॉलरमध्ये असते. औषधांचा कच्चा मालही बराचसा बाहेरचा. म्हणजे रुपया पडला की खर्च आपला वाढतो, आणि वाढलेली विक्री कोणाच्या खिशात गेली ते पट्टीवर लिहिलेले नसते.

दराच्या या चढउतारावर काही इलाजच नाही, असे आपल्याला वर्षानुवर्षे सांगण्यात आले. तसे नाही. बँकेत आगाऊ विनिमय करार करता येतो. बाजारात त्याला 'फॉरवर्ड' म्हणतात. जुन्या माणसांना हुंडणावळ हा शब्द आठवत असेल, त्यातलाच हा प्रकार. निर्यातदाराने आज बँकेला सांगायचे की अमुक तारखेला माझे २६ हजार युरो येणार आहेत, त्याचा भाव आजच ठरवा. भाव बांधला गेला. नंतर युरो वर जावो की खाली, निर्यातदाराला ठरलेलेच रुपये मिळणार. आपल्याकडचे व्याज तिकडच्यापेक्षा जास्त असल्यामुळे बहुतेक वर्षी हा आगाऊ भाव त्या दिवसाच्या भावापेक्षा थोडा वरच राहिला आहे. म्हणजे संरक्षण घेणाऱ्याला चार पैसे जास्तच सुटले.

मग लहान निर्यातदार तो का करत नाहीत? एक तर करारातली तारीख आणि रक्कम बांधलेली असते. अवकाळी पावसाने माल तडकला, कंटेनर भरलाच नाही, तर करार मोडावा लागतो आणि त्याचा फरक बँक वसूल करते. दुसरे कारण बोलायला थोडे अवघड आहे. दर खाली आला तर तो शेतकऱ्यावर ढकलता येतो आणि वर गेला तर स्वतः ठेवता येतो, मग निर्यातदाराने भाव बांधून कशाला घ्यावा? त्याचे संरक्षण तर आपणच फुकटात करतोय! सगळेच असे वागतात असे माझे म्हणणे नाही. हंगामाच्या सुरुवातीला रुपयात भाव ठरवून शेवटपर्यंत पाळणारेही या जिल्ह्यात आहेत. मात्र ते भाव पाळू शकतात, कारण त्यांनी बँकेत आपली बाजू आधी बांधलेली असते किंवा तेवढा तोटा पेलायची त्यांची ताकद असते.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. भाव बांधणे वेगळे आणि भावावर खेळणे वेगळे. २००७-०८ च्या सुमारास तिरुप्पूरच्या कपडे निर्यातदारांना बँकांनी परकीय चलनांचे भलतेच गुंतागुंतीचे सौदे विकले होते. संरक्षण म्हणून घेतलेल्या त्या कागदांनी कित्येकांना बुडवले आणि प्रकरणे कोर्टात गेली. आपल्या शेतकरी कंपन्यांनी बँकेतल्या साहेबाच्या तोंडून साध्या फॉरवर्डपलीकडचा काही शब्द आला की चहा पिऊन उठावे.

आता दुसरा धोका. माल गेला, पण पैसे आलेच नाहीत. यासाठी केंद्र सरकारची निर्यात पतहमी कंपनी आहे. ईसीजीसी या नावाने ती ओळखली जाते, १९५७ पासून काम करते, मुख्य कचेरी मुंबईत. परदेशी खरेदीदाराचे दिवाळे वाजले, त्याने पैसे थकवले, त्याच्या देशाने अचानक आयात बंद केली, युद्ध पेटले, अशा वेळी ती निर्यातदाराला नुकसानीचा मोठा हिस्सा भरून देते. पण यातही खाचाखोचा आहेत. चलनाच्या दरातला तोटा ती भरत नाही. मालाच्या दर्जावरून वाद झाला तर खरेदीदाराच्या देशातल्या कोर्टाचा निवाडा आणल्याशिवाय सहसा पैसे सुटत नाहीत. २०१० चा हंगाम आठवा. वाढरोधक म्हणून वापरलेल्या औषधाचा अंश युरोपात सापडला, कंटेनर अडकले आणि बागाईतदारांचे दिवाळे निघाले. आपल्याकडे तोवर त्या औषधाची तपासणीच होत नव्हती. असल्या नुकसानीत विम्याचा कागद कामाला येत नाही. तिथे फवारणीची वही आणि प्रयोगशाळेचा दाखलाच उपयोगी.

आणखी एक गैरसमज दूर करतो. निर्यातदार सांगतो, "आमच्या कर्जाला ईसीजीसीचे कव्हर आहे, काळजी करू नका." पुष्कळदा ते कव्हर बँकेने स्वतःसाठी घेतलेले असते. कर्ज बुडाले तर बँकेला पैसे मिळतात, निर्यातदाराला नाहीत, आणि शेतकरी तर त्या कागदात कुठेच नसतो. निर्यातदाराची स्वतःची पॉलिसी असली तरी भरपाई त्याच्या हातात पडते. तिथून पुढे तुमच्या घरी येईल की नाही, ते तुमच्या-त्याच्या लेखी करारावर. आणि लेखी करार किती जणांकडे आहे? शिवारात झालेल्या सौद्याची चिठ्ठीसुद्धा बहुतेकांकडे नसते. हंगामाअखेर फोन बंद करून गायब होणारे व्यापारी आपण दरवर्षी बघतो. त्यांच्यामागे धावताना हातात दाखवायला काही नसते.

परदेशी सरकारांचे म्हणाल तर ती आपापल्या देशाचे बघणार. वरूड-मोर्शीच्या संत्रा उत्पादकांना विचारा. बांगलादेश हे त्यांचे हक्काचे गिऱ्हाईक. २०१९ मध्ये किलोला वीस रुपयांच्या आसपास असलेला तिथला आयात कर २०२३ पर्यंत वाढत वाढत ८८ रुपयांवर गेला. निर्यात आटली आणि तो माल देशातल्या मंड्यांत कोसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सरकार उलथले तेव्हा सीमेवर कांद्याच्या गाड्या दिवसेंदिवस उभ्या राहिल्या. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४ च्या हंगामातली आपली द्राक्षे आफ्रिकेला वळसा घालून युरोपात गेली. प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला, भाडे वाढले, आणि उतरलेल्या मालाचा देठ सुकलेला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा आंध्रच्या कोळंबीवाल्यांची झोप उडाली, कारण त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक तेच.

पण खरी मेख पुढेच आहे. या सगळ्यांवर थोडाफार इलाज निघतो: दोन-तीन देशांत माल वाटून पाठवा, विमा घ्या, भाव बांधून घ्या. आपल्याच सरकारच्या लहरीवर मात्र कुठला विमा काढणार?

कांद्याचाच हिशेब मांडा. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी; उठली मार्च २०२० मध्ये. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी. उठली १ जानेवारी २०२१ ला. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि डिसेंबरात सरळ बंदी. ती ३१ मार्च २०२४ पर्यंतची म्हणून सांगितली आणि मुदत संपायच्या आतच पुढे ढकलली. निवडणुकीच्या धामधुमीत ४ मे २०२४ ला ती उठली, तीही ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलर किमान मूल्य ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढले, शुल्क २० टक्के केले, आणि ते २० टक्के जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. या घोळात लासलगावचे भाव डिसेंबर २०२३ नंतर महिन्याभरात निम्म्याहून खाली आले. कस्टमच्या ताब्यात दिलेला माल तेवढा सुटला. ज्यांनी परदेशात सौदा केला होता पण माल अजून चाळीत होता, त्यांचा शब्द गेला. साधी विमा पॉलिसी माल जहाजावर चढल्यावर लागू होते; चाळीतल्या कांद्याला ती काय करणार?

आणि शब्द गेला की गिऱ्हाईक जाते. मलेशिया, दुबई, श्रीलंका इथल्या व्यापाऱ्याला कांदा रोज लागतो. आपण दिला नाही तर पाकिस्तान, इजिप्त, चीन देतात. बांगलादेशाने तर स्वतःची लागवडच वाढवली. बंदी एका कागदाने उठते, पण दुकानदार आपल्याकडे परत वळायला दोन हंगाम जातात, कधी वळतही नाही.

शहरातल्या गृहिणीला कांदा परवडला पाहिजे, याला कोण नाही म्हणेल? पण तिचे संरक्षण करण्याचा सगळा खर्च निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याने का सोसायचा? सरकारला निर्यात रोखायचीच असेल तर निदान भाव कुठल्या पातळीला गेल्यावर रोखणार ते हंगामाआधी जाहीर करावे. आधी झालेल्या लेखी सौद्यांचा माल जाऊ द्यावा. आणि बंदीच्या आदल्या आठवड्यातला भाव व नंतरचा भाव यांतला फरक नोंदणी केलेल्या कांद्यावर शेतकऱ्याला द्यावा. फरक खिशातून जाणार असेल तर दिल्लीतला अधिकारी सही करण्याआधी दोनदा विचार करील. आपल्या खासदारांकडे कर्जमाफीइतक्याच जोराने ही मागणी गेली पाहिजे. आजवर ती तशी गेलेली नाही, आणि त्याचा दोष आपलाही आहे.

ते होईल तेव्हा होईल. द्राक्षवाल्यांना मात्र दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. ऑक्टोबर छाटणीचे घड सुटले की निर्यातदारांची माणसे बागा बघत फिरू लागतात. त्या वेळी, मणी पाणी धरण्याच्या आत, त्यांना इतके विचाराच: भाव रुपयात बांधून देता की परदेशातल्या विक्रीवर? विक्रीवर असेल तर किमान हमीची रक्कम किती? युरो-पौंडाचा कुठला दर धरलात, आणि तो वर गेला तर आमचा वाटा किती? बँकेत फॉरवर्ड केलाय का? ईसीजीसीची पॉलिसी तुमच्या नावाची की बँकेच्या? पैसे तोडणीपासून किती दिवसांत? उत्तरे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. गावातले दहा-पंधरा बागाईतदार मिळून विचारलेत तर उत्तर लवकर मिळते. एकटा विचारील त्याला "पुढची बाग बघतो" असे ऐकावे लागेल, हेही सांगून ठेवतो.